न्हाणीपर्यंतच्या फळ्या

आमच्या मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत वीस पावलं आहेत. गेल्या पावसाळ्यात त्याच वाटेवर, चिखलात आई घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. गडचिरोलीला ऑपरेशन झालं, वॉकर आला, ती घरात चालायलाही लागली. पण त्या वाटेवर मी तिला एकटीला सोडत नव्हते. अंघोळीलाही मी आत उभी. मी शाळेत शिकवायला गेले की शेजारच्या काकू येऊन बसायच्या. हळूहळू लक्षात आलं की कोणाला हाक मारावी लागू नये म्हणून आई पाणीच कमी पिते आहे. विचारलं तर म्हणाली, "तहानच लागत नाई मले." मला रडूही आलं आणि रागही आला. पाऊस लागायच्या आत ही वाट कोरडी आणि सपाट करायचीच, असं मी ठरवून टाकलं.

पूर्वी तिथे सागाच्या फळ्या होत्या. त्या वाळवीने खाल्ल्या. म्हणून यंदा मी भुसा आणि प्लास्टिक दाबून केलेल्या फळ्या मागवल्या. आमचे म्हातारे मिस्त्रीभाऊ त्यांना हात लावायला तयार होईनात.

"सागाच्या मुलखात हे काऊन आणलं, बाई?"

"वाळवीले विचारा," मी म्हटलं.

शेवटी ते तयार झाले आणि फळ्यांखाली लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा राहिला. फळ्यांसोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, टोकांना फट सोडा, उन्हात फळी लांबते. मी ते वाचून दाखवलं आणि मिस्त्रीभाऊंचा चेहरा पडला. "माह्या कामात कागद जाईन एवढी फट कोणी पाह्यली नाई. फट ठेवाले मी का नवशिका आहो?" ज्यांनी आमच्या घराच्या चौकटी बसवल्या त्यांना मी काय शिकवणार? एरवी कोणाचं ऐकून न घेणारी मी तिथे गप्प बसले. ती चूक माझी.

मे महिन्यात आमच्याकडे मिस्त्री पहाटे पाचला काम धरतात आणि दहाला हत्यारं गुंडाळतात. त्या गार वेळी फळ्या घराच्या जोत्यापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत अशा घट्ट बसल्या की बघत राहावं. दुपारी दोनला मागे फाडकन आवाज झाला. फळ्या मधोमध उचलल्या होत्या, भाजलेल्या पापडासारख्या. आई दारातून बघत होती. ती आत जाऊन पलंगावर बसली.

मी भर उन्हात मिस्त्रीभाऊंच्या घरी गेले आणि त्यांना घेऊनच आले. ते डोक्याला दुपट्टा बांधून आले, फळीला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला. ते उकिडवे बसून उचललेल्या फळ्या बघू लागले. दुपारच्या उन्हात स्वतःचं काम ते बहुधा पहिल्यांदाच बघत होते. मग कानामागची पेन्सिल काढून त्यांनी भिंत आणि फळीच्या मधे धरली. "एवढी पुरन का?"

"पुरन."

दुसऱ्या पहाटे सगळ्या फळ्या निघाल्या. त्यांनी प्रत्येक टोक कापलं आणि पेन्सिलीएवढी जागा ठेवून फळ्या परत बसवल्या. त्या दुपारी आम्ही दोघं ओसरीत बसून राहिलो. आवाज आला नाही.

पाऊस लागल्यावर कळलं की फळ्या टाकून काम संपत नाही. फटींत पानं आणि माती अडकते, पाणी साचतं आणि दोन आठवड्यांत हिरवी बुळबुळीत साय धरते. मी रोज खराट्याच्या काडीने फटी मोकळ्या करते आणि दर रविवारी साबणाच्या पाण्याने, ताठ ब्रशने अख्खी वाट घासते. गुडघे दुखतात. तरी एकही रविवार सोडत नाही, कारण एवढीशी बुळबुळ राहिली तरी आई परत पलंगावर जाईल.

झड लागलेल्या एका सकाळी आई टॉवेल खांद्यावर टाकून निघाली. मी मागे गेले. ती दारातच थांबली.

"तू काऊन येऊन राह्यली?"

"अशीच."

"जाय, चहा मांड."

मी चहा मांडला नाही. दाराआड उभी राहून वॉकरची टकटक ऐकत राहिले. ती कुठे अडली नाही. मग न्हाणीचं दार लोटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आतून कडी लागली. ऑपरेशन झाल्यापासून ती कडी आईने लावली नव्हती.