कोणत्या हाताचं रक्त

स्क्रीनवर आकडा आला आणि चहाचा कप माझ्या हातातच राहिला. मुलगा आणि वडील यांच्या जीनोममध्ये निम्मा वाटा सारखा असतो. इथे जेमतेम पाव होता. एवढा वाटा काका-पुतण्याचा असतो.

मी नंदुरबारच्या एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून अर्धं आयुष्य काढलेली बाई. पन्नाशीला टेकल्यावर लॅबच्या सरांनी मला जीनोम डेटा, म्हणजे माणसाच्या सगळ्या जनुकांची नोंद, वाचायला शिकवलं. त्याची एकेक फाइल इतकी अगडबंब, की आमचा कॉम्प्युटर ती उघडतानाच मान टाकतो. म्हणून ती क्लाउडवर चढवायची. म्हणजे दूर कुठेतरी असलेले दांडगे कॉम्प्युटर तासाच्या बोलीने भाड्याने घ्यायचे.

आजची फाइल ब्राह्मणपुरी गावच्या वैशालीच्या घरची होती. तिच्या मुलाला जन्मजात आजार. तो आईवडील दोघांकडून आलाय का, हे कळलं तर पुढच्या खेपेला पोटातच तपासणी करता येणार होती. पण हा आकडा रिपोर्टात गेला असता, तर सासरी तिच्याकडे आणि तिच्या दिराकडे लोकांनी कसं पाहिलं असतं? मूल दिराचं, असाच अर्थ काढला असता.

"सर, माझंच काहीतरी चुकलंय," मी फोनवर म्हणाले.

"फाइलींची नावं जुळवा, परत रन करा. तोवर त्यांच्या घरी एक शब्द नको."

परत रन केलं. आकडा हटेना.

मग डोक्यात आलं, रक्तच काकाचं असलं तर? नमुने गावच्या शिबिरात घेतले होते, मी तिथे नव्हते. वैशालीच्या नवऱ्याला फोन लावला.

"भूषणभाऊ, तुमचं रक्त कोणत्या हातातून घेतलं होतं?"

त्याने आवाज खाली आणला.

"ताई, खरं सांगू का? माले सुईनं भलतं भ्याव वाटस. मन्हा जागावर मन्हा भाऊ बसना. एकच मायना लेकरं आम्ही, रगत एकच शे ना?"

म्हणजे सुईच्या भीतीने शिबिरात याच्या जागी खुर्चीत भाऊ बसला होता! मी आधी देवाला हात जोडले, मग त्याला झाप झाप झापलं.

वैशालीच त्याला दंडाला धरून लॅबमध्ये घेऊन आली. त्याने डोळे गच्च मिटले. "मन्हा पोऱ्या रडत नही, आन हाऊ देखा!" नवऱ्याकडे बोट दाखवत ती खळखळून हसत होती. आधी काय आकडा आला होता, ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

काही आठवड्यांनी नवीन डेटा आला. निम्मा वाटा, अगदी बिनचूक. आजार दोघांकडून आला होता, म्हणजे पुढच्या बाळाची तपासणी आता करता येणार होती. मी खुर्चीत मागे रेलले आणि याही वेळी गार झालेला चहा आनंदाने प्यायले.

तेव्हापासून मी सुई हातात घेण्याआधी आधार कार्डावरचा फोटो बघते. क्लाउडवर पुष्कळ काही कळतं, पण खुर्चीत कोण बसलं होतं, ते नाही.