बाहेरगावी, पुण्यातल्या पुण्यात

आमचं गाव हडपसरच्या पुढं. मी शाळेत असताना महापालिकेनं ते आपल्या हद्दीत घेतलं आणि एका सकाळी आम्ही झोपेतून उठलो ते पुणेकर होऊनच. दात मात्र टँकरच्याच पाण्यानं घासले. नळ आला नाही, गटार आलं नाही, बस होती तीही कमी झाली. आली ती घरपट्टी, आणि ती बरी अगदी वेळेवर आली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! आई आजही बाजाराला निघाली की शेजारणीला ओरडून सांगते, "पुण्याला चालले गं!" तिला कितीदा म्हटलं, अगं, आपण पुण्यातच आहोत. तर म्हणते, "व्हय का? मग हंडं कशाला भरून ठिवल्यात?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण बारावीनंतर मला फिजिओथेरपीला अ‍ॅडमिशन मिळाली. कॉलेज शहराच्या मधोमध. भल्या सकाळी हॉस्पिटलात पेशंटसमोर उभं राहायचं, आणि आमच्याकडची पहिली बस तिला वाटलं तर येणार. सुरुवातीला मी तसंच जाऊन-येऊन केलं. रोज उशीर, रोज मॅडमच्या शिव्या. सरकारी वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर लागला नाही. शेवटी सदाशिव पेठेत कॉट घेतली. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इथं विद्यार्थ्यांना खोली मिळत नाही, कॉट मिळते. एका खोलीत चौघीजणी, प्रत्येकीची एक लोखंडी कॉट, आणि कॉटखाली मावेल तेवढा संसार.

मालकीणकाकूंनी माझं आडनाव ऐकलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "अंडी बाहेर खायची." एवढ्यावर आमचं जमलं. मी अंडी बाहेर खाल्ली, आणि खाऊन आले की मुद्दाम त्यांच्यासमोर समाधानानं ढेकर दिला.

पप्पा हडपसरच्या एका कारखान्यात फिटर. त्याच वर्षी त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि कॉटचं भाडं जड जायला लागलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मी दुप्पट ओरडले असते. पण ते शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. न्हाय जमलं तर घरी ये, हितनं जवळ बी.ए. कर." बी.ए. वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पण मला गुडघ्यांचं आणि खांद्यांचं अक्षरशः वेड लागलं होतं. बसमध्ये कुणी लंगडत चढलं की मी त्याच्या तोंडाकडे न बघता घोट्याकडे बघायची. त्या कॉटशिवाय हे शिक्षण होणार नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि मी भयंकर घाबरले होते.

तेवढ्यात एका सीनियर मुलीनं समाजकल्याणच्या योजनेचं सांगितलं. वसतिगृहात नंबर न लागलेल्या, घरापासून लांब राहून शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना राहण्याजेवणाचे पैसे मिळतात. आम्ही बौद्ध, वसतिगृहाचा नकार हातात, सगळं जुळत होतं. अट एवढीच की विद्यार्थी बाहेरगावचा हवा, ज्या शहरात कॉलेज तिथला स्थानिक नको. मी म्हटलं, हात्तिच्या! मी आणि पुण्याची स्थानिक? डोंबल!

आधी भाडेकरार लागणार होता. काकूंकडे विषय काढला तर त्या म्हणाल्या, "करार? तुला कॉट दिलीय, शनिवारवाडा नाही." पण त्या जिना चढताना कशा चढतात ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहज म्हटलं, "काकू, उजवा गुडघा का हो? मी रोज व्यायाम करून घेईन. फुकट." आठवडाभर त्यांचा पाय वर-खाली केला. त्या "आई गं" म्हणायच्या, मी "अजून थोडं" म्हणायची, आणि खरं सांगते, दोघींनाही मजा यायची. नंतर त्या स्वतःच म्हणाल्या, "कुठं सही करायची ते दाखव, आणि उद्या वेळेवर ये." अडला हरी म्हणतात तो असा.

मग गेले समाजकल्याणच्या कार्यालयात. टेबलामागच्या बाईंनी माझा पत्ता वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आपलं गाव महापालिकेत आलंय. पेपर वाचता ना?"

"वाचते की."

"मग हद्दीत राहणारा तो स्थानिक. आपण स्थानिक आहात. अभिनंदन."

"अहो मॅडम, आमच्याकडे पाणी येत नाही."

"पाणी पाणीपुरवठ्याकडे. हे समाजकल्याण."

"बस पण नाही."

"बस बसवाल्यांकडे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "म्हणजे घरपट्टी घेताना मी पुण्याची, पैसे देताना पण पुण्याची, आणि पाणी देताना कुठली?" बाई जरासुद्धा चिडल्या नाहीत. पुण्यात सरकारी टेबलामागं बसलेलं माणूस चिडत नाही, ते फक्त पुढचा कागद घेतं. "निरीक्षक साहेब आपल्या घरी भेट देतील. त्यांचा अहवाल येईल तसं ठरेल," म्हणाल्या आणि खरंच पुढचा कागद घेतला.

साहेब काही जाईनात. मी येताजाता कार्यालयात डोकावायची आणि बाई नुसती मान हलवायच्या. दिवाळीचे आकाशकंदील दुकानांतून लटकायला लागले तशी मी दिवस मोजायला लागले. पप्पांनी फोनवर विचारलंसुद्धा, "सामान आणायला टेम्पो सांगू का?" मी म्हटलं, "कॉटखालच्या सामानाला टेम्पो?" आणि फोन ठेवल्यावर ढसाढसा रडले.

शेवटी एका दुपारी कॉलेज बुडवून तिथं धडकले. म्हटलं, आज साहेबांना भेटल्याशिवाय हलायचं नाही.

"साहेब नाहीत," बाई म्हणाल्या.

"कधी येतील?"

"आज नाही. बाहेरगावी गेलेत." आणि मागच्या फळ्याकडे बोट केलं. तिथं खडूनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, साहेब, दौरा, बाहेरगावी.

मी कपाळाला हात लावला आणि बाकावर बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. तिला फोनवर हळू बोलता येत नाही, पलीकडचा माणूस लांब आहे म्हणजे मोठ्यानंच बोललं पाहिजे असा तिचा हिशेब.

"अगं, हितं सायब आल्यात! तुझ्या त्या पैशाचं! च्या घेत्यात!"

"कुठं?"

"कुठं म्हंजी? आपल्या घरात! विहाराच्या मागं घर घावंना म्हनून लई फिरलं बिचारं. उन्हानं पार तांबडं झाल्यात."

मी बाकावरून उठले. फळ्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. बाईंचं पेन थांबलं होतं, कारण आईचा आवाज त्यांनाही छान ऐकू येत होता. माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक! मी फोन स्पीकरवर टाकला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आई, साहेबांना दे जरा."

"हॅलो," साहेबांचा दमलेला आवाज आला.

मी शक्य तितक्या सदाशिव पेठी आवाजात विचारलं, "नमस्कार. आपण आत्ता कुठं आहात, सांगता का?"

"तुमच्या घरी आहे की."

"म्हणजे पुण्यात ना?"

"हो, हे हद्दीतच येतं. तेच मी तुमच्या आईंना समजावत होतो."

"अस्सं. मी आपल्या कार्यालयात उभी आहे. इथं फळ्यावर लिहिलंय की साहेब बाहेरगावी, दौऱ्यावर. चुकून लिहिलंय का? खडू आहे इथं, पुसू का?"

पलीकडे बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "बाईंना द्या."

बाईंनी स्पीकर बंद करायचा प्रयत्न केला आणि चुकून आवाज वाढवला. "हो साहेब... हो, दौरा मंजूर आहे साहेब... बाहेरगावचाच... भत्ता पण बाहेरगावचाच लावलाय साहेब." मागच्या टेबलावरचा एक गृहस्थ खोकायच्या निमित्तानं तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

आणि मग साहेब हसले. अगदी पोट धरून हसले असावेत, कारण मागून आई विचारत होती, "काय झालं ओ सायब? च्या सांडला ना!" हसणं आवरून ते मला म्हणाले, "ताई, दोन बस बदलल्या, पुढं रिक्षा केली, रिक्षावाल्यानं परतीचे पण पैसे आधीच घेतले. याला पुणं म्हणायची माझीही हिंमत नाही. माझा दौरा बाहेरगावचा, तर तुम्हीही बाहेरगावच्या. तसंच लिहितो."

बाईंनी फोन माझ्या हातात दिला. "अभिनंदन," म्हणाल्या. या वेळी जरा हसल्या असाव्यात, पण पैजेवर सांगणार नाही.

साहेबांनी शब्द पाळला. दिवाळीच्या आत मंजुरी आली. पैसे त्यानंतर आपल्या सवडीनं आले, पण मंजुरीचा मेसेज बघूनच पप्पांनी टेम्पोचा विषय सोडला. मी हडपसरला उतरून पेढे घेतले आणि उड्या मारत घरी गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या तोंडात पेढा कोंबला, एक माझ्या तोंडात टाकला आणि ओरडले, "आई, जिंकलो! आपण बाहेरचे ठरलो! सरकारनं लिहून दिलंय!"

आईनं भाकरी उलटली. "त्यात काय नवं? तुझ्या आज्याला समद्या गावानं वेशीभायेर ठिवलं व्हतं. तवा कागुद लागला न्हवता."

माझा पेढा तोंडातच राहिला. इतके दिवस मी 'बाहेरची, बाहेरची' म्हणून टेबलाटेबलावर भांडत होते, हसत होते, आणि आमच्या घरात तो शब्द कुठून आलाय हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.

तिनं पिठाच्या हातानं माझी हनुवटी वर केली.

"गिळ की! भायेरचं असल्याचं पैसं आपल्याला पयल्यांदाच मिळत्यात."