फाटकात अडकलेला भारा
वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा वास आला की मला कुंडलजवळचं रेल्वे फाटक आठवतं. फाटक बंद होतं, तरी माझे चुलते नेहमीसारखे सायकल तिरकी करून दांड्याखालून निघाले. मागं बांधलेला वाड्याचा भारा दांड्याला अडला आणि थांबलेल्या बैलगाडीच्या एका बैलानं त्यात तोंड घातलं. चुलते पुढं ओढत होते, बैल मागं. "सोड की रं," म्हणेपर्यंत रेल्वे धडधडत समोरून गेली. धुरळा बसल्यावर गाडीवान म्हणाला, "आवं, बैलाला थांबायचं कळतंय, तुमास्नी कवा कळायचं?" चुलत्यांनी गुमान सगळा भारा बैलापुढं टाकला. आता आमच्या दारात बैल नाही, ट्रॅक्टर आहे, तरी दर बेंदराला, बैलांच्या सणाला, चुलते त्या बैलाच्या नावची पुरणपोळी काढतात आणि ती खायला मला बसवतात.