झाकणामागचा नंबर

माझे दीर वायरमन होते. होते म्हणते, कारण माणूस ठणठणीत आहे, त्यांच्यातला वायरमन मात्र माझ्यामुळे गेला.

वर्षातून दोनदा ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी न बोलावता जायचे, पॅनलचं झाकण उघडायचे आणि एकेक ब्रेकर खाली-वर करून बघायचे. खट, खट. म्हणून सगळे त्यांना खटकाभाऊ म्हणत. झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या पेनाने स्वतःचा फोन नंबर लिहिलेला. मी चिडवायची, "भाऊजी, चांगला चाललेला पंखा बंद करून तुम्हाला काय मिळतं हो?" ते म्हणायचे, "वर्षानुवर्षं वर बसलेला ब्रेकर खाली यायचं विसरतो, वहिनी. मग नेमक्या वेळी पडत नाही."

मी घरी शिवणकाम करते. दोन मशीन आणि कपडे दाबायची मोठी प्रेस एकदम लावली की खोलीचा ब्रेकर पडायचा. दिवसातून चार-चार वेळा! हातातलं काम टाकून स्टुलावर चढा, परत वर करा. भाऊजी म्हणाले, "पडतोय म्हणजे राखण करतोय. वायर जुन्या झाल्यात, त्यांना एवढा भार झेपत नाही. वायर, पॅनल सगळं बदलू या. चार दिवस खोली बंद ठेवा." चार दिवस! शाळेच्या गणवेशांची ऑर्डर डोक्यावर बसलेली. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "मोठा ब्रेकर बसवा म्हणजे झालं. एवढं साधं काम येत नाही आणि म्हणे वायरमन!" ते हसले आणि नाही म्हणाले. मी किती बोलले तरी नाहीच.

मग मी मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत सोळा अँपिअरचा काढून दुप्पट, बत्तीसचा ब्रेकर बसवला. पुन्हा म्हणून पडला नाही. मी खूश. घरात कोणाला सांगितलं नाही, आणि पुढच्या वेळी भाऊजी ब्रेकर बघायला आले तेव्हा "आत्ता कामात आहे" म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, मासळी सडल्यासारखा वास यायला लागला. मी आधी कचऱ्याचा डबा धुतला, इतकी मी शहाणी! भिंतीला हात लावला तर चटका बसला. तोवर आत वायर जळत वर गेल्या होत्या. आमची शिवणाची खोली गेली, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांचं स्वयंपाकघर गेलं. मास्तरांना चादरीत घालून खाली आणलं. जीव वाचला, पण तो खोकला त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही.

आग विझल्यावर कोणीतरी काळं पडलेलं पॅनल बाहेर आणून जिन्यात ठेवलं. झाकणावरचा नंबर तेवढा शाबूत. भाऊजी धावत आले होते, घामाने निथळत. मास्तरांची मुलगी त्यांच्या अंगावर ओरडली, "हेच का तुमचं काम? माझ्या वडिलांना मारलं असतंत!" भाऊजींनी खाली बसून ब्रेकर पुसला. बत्तीसचा आकडा दिसला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. एरवी दहा जणांना पुरून उरणारी मी, त्या दिवशी मूग गिळून बसले.

"माझं चुकलं," भाऊजी म्हणाले.

पाप माझं, ताप त्यांना. त्यांना कामं मिळेनाशी झाली. खटकाभाऊचा आगलाव्या झाला. आता ते एका दुकानात खिळे तोलतात. आणि तरीही वर्षातून दोनदा आमच्याकडे येऊन नव्या पॅनलचे ब्रेकर खाली-वर करून जातात. झाकणावर मात्र काही लिहीत नाहीत. दरवेळी मी चहा करायची, दरवेळी ठरवायची की आज बोलायचंच, आणि साखर किती घालू एवढंच विचारायची. अशी सात वर्षं.

गेल्या महिन्यात भाऊजींची मुलगी वायरमनचं शिक्षण पुरं करून आमच्याच इमारतीत काम मागायला आली. मास्तरांच्या मुलीने दारातूनच सांगितलं, "आगलाव्याच्या मुलीला मी घरात घेणार नाही." पोरगी माझ्याकडे येऊन हमसून रडली. "काकू, बाबांनी खरंच असं काम केलं होतं का हो?"

मी तिचा हात धरला आणि तशीच वर गेले. तिच्यादेखत सगळं सांगितलं. मास्तरांची मुलगी म्हणाली, "माझे बाबा जाईपर्यंत तुमच्या दिरांना शिव्या देत होते." मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तिने पोरीला काम दिलं. माझ्याशी ती अजून बोलत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

काल भाऊजी आले. स्टुलावर चढले, झाकण उघडलं. मी म्हटलं, "भाऊजी, मी वर सांगितलं सगळं."

"पोरीने सांगितलं मला." त्यांनी एक ब्रेकर खाली केला, वर केला.

"मला माफ करा हो."

ते खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं. "वहिनी, त्या दिवशी लोक निघून गेल्यावरही मी जिन्यात बसून होतो. अंधार पडेपर्यंत. वाटलं, चारचौघांत जमलं नसेल, आता येऊन बोलाल."

मी तेव्हा आमच्या घराच्या दाराआडच उभी होते. कडीवर हात ठेवून. ते उठून गेल्याचा आवाज आला, तेव्हाच मी दार उघडलं होतं.