बत्तीस ओळींची तबकडी

घड्याळजी मास्तरांचं दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांनी श्वास आत घ्यायचा, असं त्यांची बायको म्हणायची. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, भिंतीवर चाळीस घड्याळं, आणि चाळीसही एकाच ठोक्याला बोलणारी. एखादं मिनिटभर मागे पडलं तर मास्तरांना जेवण जात नसे.

दुकानावरच्या खोलीत मात्र दुसरा संसार होता. तिथे तबकड्या होत्या, आणि त्याही एकाच इंग्रज संगीतकाराच्या. त्याचं मोठमोठं वाद्यसंगीत जगभर वाजतं, ते मास्तरांना नको होतं. "ते काय, लग्नातही लावतात," ते म्हणायचे. त्यांचा जीव जडला होता त्याच्या कोपऱ्यात पडलेल्या गाण्यांवर, चर्चच्या गायकांसाठी लिहिलेल्या समूहगीतांवर. तरुणपणी एका म्हाताऱ्या गायनमास्तरांचं लंबकाचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केलं, तेव्हा म्हाताऱ्याने खुशीने एक तबकडी हातात ठेवली. तिथून हे वेड.

त्यातलं एक समूहगीत होतं, संध्याकाळच्या घंटेवरचं. तबकडीची अख्खी एक बाजू व्यापणारं. त्याची तीन ध्वनिमुद्रणं मास्तरांकडे होती. दर रविवारी दुपारी पाचसहा मंडळी जमायची, तिन्ही ऐकायची आणि मास्तर निकाल द्यायचे. पहिलं, "गाणारे जेवून आलेत." दुसरं, "गाणारे जेवायला निघालेत." आणि तिसरं, काळ्या कव्हरचं, लागलं की मास्तर भिंग काढून डोळे मिटायचे. "ऐका. हे चालतं. धावत नाही. खालच्या पट्टीतले पुरुष बघा, भुयारातून आल्यासारखे!" मंडळी माना डोलवायची. लायब्ररीवाल्या बाई तर एकदा रडल्याच. मास्तरांचा शब्द म्हणजे त्या खोलीत काळ्या दगडावरची रेघ.

मग मंडळात दातांचे डॉक्टर आले. उंच, हसतमुख, हात धुतलेले. तीन रविवार गुपचूप ऐकलं आणि चौथ्याला म्हणाले, "मास्तर, तुमची काळ्या कव्हरची मला कुठे मिळेना. पण त्याच गीताची एक दुसरी मिळाली, निळ्या कव्हरची. पुढच्या रविवारी माझ्याकडे या ना सगळे. मशीनही नवीन घेतलंय."

गेले सगळे. मास्तरांची बायको विणकाम घेऊन गेली. मऊ कोच, मोठी खिडकी, कपाटाएवढे स्पीकर. निळी तबकडी लागली, संपली. मग लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई! शब्द न् शब्द कळला."

"मुली किती टवटवीत गातात," मास्तरांची बायको म्हणाली.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "घाई आहे," ते म्हणाले. "दातांच्या दवाखान्यात बरोबर आहे म्हणा. बाहेर पेशंट बसलेले असतात."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने डॉक्टर हसले, आणि तेच मास्तरांना जास्त झोंबलं. निघताना लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, "इथे जागाही ऐसपैस आहे. आता बैठक इथेच घेऊ या का? पुढच्या रविवारी मास्तरांकडे जमू तेव्हा ठरवू."

परतीच्या वाटेवर मास्तर दोन पावलं पुढे.

"अहो, थांबा की. कुणी मागे लागलंय का?"

"टवटवीत म्हणे! भाजी आहे का ती?"

"मला आवडलं ते बोलले. त्यात तुमचं काय गेलं?"

वीस वर्षं जिच्या कानाला आपण वळण लावलं, ती बायको परक्याच्या कोचावर बसून परक्या तबकडीला टवटवीत म्हणते, हे मास्तरांना कट्यारीसारखं लागलं होतं.

"आणि एक गंमत सांगू?" बायको म्हणाली. "तुमच्या तबकडीत दुसऱ्या कडव्यानंतर कुणाच्या तरी हातून कागद पडतो ना? त्यांच्याही पडला. तिथेच."

"कागद सगळीकडेच पडतात."

"बरं. पण तुमची बाजू संपेपर्यंत माझ्या मफलरच्या बत्तीस ओळी होतात. वीस वर्षं बत्तीसच. आज तीस झाल्या."

"आज तुझं लक्ष कोचावर होतं."

"माझा हात चुकत नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुमचं घड्याळ चुकेल एक वेळ."

घड्याळजीला याहून मोठी शिवी नाही. सोमवारी सकाळी मास्तरांनी दुकान उघडलंच नाही. वर गेले, तबकडी फिरवणाऱ्या चकतीच्या काठावर खडूची खूण केली आणि स्टॉपवॉच दाबलं. तीन मिनिटांत चकतीचे शंभर फेरे व्हायला हवेत, हे त्यांना पाठ होतं. मोजले. चौऱ्याण्णव. पुन्हा मोजले. चौऱ्याण्णव.

चकती उचलली. खाली रबरी पट्टा, वीस वर्षांपूर्वी तुटल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला. सैल. म्हाताऱ्याच्या विजारीच्या नाडीसारखा. चाळीस घड्याळं ठोक्याला बांधणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, त्याच्याच माडीवर, दर रविवारी वेळ मागे पडत होती. पट्टा सैल म्हणून तबकडी हळू, तबकडी हळू म्हणून पट्टी खाली. भुयारातले पुरुष!

नवा घट्ट पट्टा बसवला आणि काळी तबकडी लावली. कागद पडला. तोच कागद. मुली टवटवीत गायल्या. पुरुष भुयारातून वर येऊन चारचौघांसारखे फुटपाथवर उभे राहिले. एकाच ध्वनिमुद्रणाची कव्हरं दोन, आणि आपण त्यातल्या एकाला देव्हाऱ्यात बसवलं नि दुसऱ्याला दवाखान्यात.

आठवडाभर मास्तर मनातल्या मनात हिशेब करत राहिले. गप्प राहिलं तर डॉक्टरांच्या मशीनसमोर आपलं मशीन केविलवाणं. सांगितलं तर वीस वर्षांचे निकाल पाण्यात. पण मिनिटभर मागे पडलेलं घड्याळ भिंतीवर ठेवायची सवय नव्हती. रविवारी मंडळी आल्यावर उभे राहून त्यांनी सांगून टाकलं. खडूसकट, पट्ट्यासकट.

लायब्ररीवाल्या बाई पुटपुटल्या, "म्हणजे मी रडले ते पट्ट्यापायी?"

मास्तर डॉक्टरांच्या हसण्याची वाट बघत होते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता.

"मास्तर, खरं सांगतो, माझा जळफळाट होत होता. तुमच्याकडचे ते पुरुष ऐकले आणि नवं मशीन घेतलं, हे स्पीकर घेतले, पण तो आवाज काही येईना. आता कळलं. मलाही तसाच सैल पट्टा बसवून द्या ना."

मास्तरांच्या छातीत काहीतरी उबदार सरकलं. इतकं उबदार की त्यांना लाज वाटली. पण क्षणभरच.

"छे छे डॉक्टर," ते गंभीरपणे म्हणाले, "मुद्दाम मागे पडणारं काम करून द्यायचं? आमच्या धंद्यात ते पाप आहे. बैठक तुमच्याकडेच घेऊ. बरोबर वेगात ऐकू."

मंडळी गेली. मास्तरांनी खिडकी लावली, सुट्या भागांच्या डब्यातून जुना पट्टा काढला, चकतीखाली चढवला आणि काळी तबकडी लावली.

बायकोने सुया हातात घेतल्या. कागद पडला तेव्हा तिने ओळी मोजल्या आणि मान वर केली. "पुन्हा बत्तीसवर आलात वाटतं! पाप आहे ना?"

"घरातल्या घरात चालतं."

"डॉक्टरांना दिला असता एक पट्टा, तर काय बिघडलं असतं?"

"त्यांच्याकडे स्पीकर आहेत."

"मला आपली तीस ओळींचीच आवडते, सांगून ठेवते. आणि तुम्ही मेले मत्सरी आहात."

"हळू बोल," डोळे मिटून मास्तर म्हणाले. "पुरुष मंडळी यायचीत आता."