डेअरीत न पोचलेली किटली
खेळाचं सामान नवंकोरं राहावं म्हणून खेळच बंद ठेवणारी शाळा तुम्ही पाहिलीय का? हॉकी स्टिकच्या मुठीवरच्या नव्या रबराचा वास आला की मला कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या पुढच्या एका शाळेतली दुसरीची पोरं आठवतात. मी बाहेरून थोड्या दिवसांसाठी जाऊन त्यांना खेळातून हॉकी शिकवत होतो. चेंडू म्हणजे दुधाची किटली, ती स्टिकला चिकटवून डेअरीपर्यंत न्यायची. हात पसरून आडवी आलेली पोरं म्हणजे म्हशी, त्यांना चुकवायचं. रोज पहिल्याच म्हशीपाशी किटली सांडणारी एक पोरगी त्या दुपारी तापल्या मातीतून सगळ्या म्हशी चुकवून निघाली, तोच हेडमास्तर आले. "काठ्या आत ठेवा. उद्या तपासणी हाय, रंग उडाला तर साहेबांना काय दाखवू?" "सर, डेअरी जवळच हाय की," पोरगी म्हणाली. "डेअरीला आज सुट्टी." मी भांडलो, तर म्हणाले, "पावणं, तुम्ही जाशिला, उत्तर मला द्यायचं हाय." मग पोरांनीच स्टिक पुसून प्लास्टिकच्या पिशव्यांत घातल्या आणि कपाटाला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कपाट बघून 'उत्तम' असा शेरा दिला. आजही आठवलं की डोकं फिरतं. तुमच्या गावच्या शाळेत जा, खेळाचं कपाट उघडायला लावा, आणि सामान पोरांच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.