पहिली माझी

“पहिली माझी.” नवी मुलगी कॉइल बिघडवून रडकुंडीला आली, की ताई एवढंच म्हणायच्या आणि ती कॉइल आपल्या टेबलाखाली टाकायच्या. सातपूरच्या आमच्या कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळणाऱ्या आम्ही सगळ्या बायकाच, आणि ताई आमच्या सुपरवायझर. नवीची पहिली खराब कॉइल ताईंच्या नावावर, हा तिथला रिवाज होता. दुसरी बिघडली, तर मात्र तिची खैर नसे.

अशी फटकळ माणसं तुम्हीही पाहिली असतील. “हात आहेत की लाटणी?” असं ताई तोंडावर म्हणायच्या, पण तेच हात धरून तार किती ताणायची ते दाखवायच्या. काचेची बांगडी तारेला घासली, तर वरचा लेप निघतो आणि मोटार जळते. म्हणून कुणाच्या हातात बांगड्या दिसल्या, की ताई जुन्या साडीची पट्टी घेऊन हजर. “चुडा घरी मिरव, इथं झाक,” म्हणत बांगड्यांवर ती घट्ट बांधायच्या. अंबडच्या कारखान्यांत पगार जास्त होता, तरी आमच्यातली एकही तिकडे गेली नव्हती.

मग नवे मॅनेजर आले. कामाच्या वेळी बोलायचं नाही, ताईंनी टेबल सोडायचं नाही, असा हुकूम निघाला. भिंतीवर फळा लागला. जिची कॉइल खराब, तिचं नाव फळ्यावर, आणि तिसऱ्यांदा नाव आलं की घरी. पोरी विचारायच्या बंद झाल्या. बिघडलेली कॉइल डब्याच्या पिशवीत लपवून नेऊ लागल्या. दोन नव्या मुलींच्या कॉइल पकडल्या गेल्या, तेव्हा ताईंनी फळ्यावर दोन्ही वेळा स्वतःचं नाव लिहिलं.

“आता एकदाच उरलंय,” साहेब म्हणाले.

“माहितीये.”

त्यानंतर गिरणारे गावची एक नवी मुलगी लग्नानंतर लगेच कामाला लागली. दोन्ही हातांत हिरवा चुडा. तिला पट्टीचं कुणी सांगितलेलं नव्हतं. ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. काचेच्या केबिनमधून साहेब बघत होते. ताई खाली बसल्या. दिवसभर त्या बांगड्या किणकिणत होत्या. मीही उठले नाही, कुणीच उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगला मोटारीतून धूर निघाला. साहेब कॉइल घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. “कुणाची?”

ती मुलगी उठली. “सायब, माझ्याकून झालं...”

“खाली बस,” ताई म्हणाल्या. “साहेब, माझी.”

“तुम्ही कॉइल गुंडाळता कुठे?”

“बांगड्या मी पाहिल्या होत्या. तुमच्या धाकानं उठले नाही. मग चूक कुणाची?”

त्यांनी खडू घेतला आणि तिसऱ्यांदा नाव लिहिलं. साहेबांनी ते पुसायला सांगितलं नाही. ताईंनी खणातून पट्टी काढली, त्या मुलीच्या हाताला बांधली, गाठ आत कशी खोचायची ते दाखवलं आणि डब्याची पिशवी उचलून बाहेर पडल्या. त्या मॅनेजरचा मला आजही राग येतो.

दिवाळीपर्यंत निम्मा हॉल रिकामा झाला. मी निघाले, तेव्हा साहेबांनी मला गेटवर गाठलं. “पगार वाढवला, तरी का जाताय तुम्ही सगळ्या?”

“अडलं की विचारायला कोणी उरलं नाही, साहेब.”

पुढे ताई एकदाच भेटल्या, सातपूरच्या भाजीबाजारात. बऱ्याच वाळल्या होत्या. मी अंबडला सुपरवायझर झाल्याचं सांगितलं. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतीच. मेथीची जुडी निवडता निवडता त्यांनी विचारलं, “तिथं पहिली कुणाची?”

“माझी,” मी म्हणाले.

“मग पोरी टिकतील,” त्या म्हणाल्या, आणि मेथी पिशवीत टाकून गर्दीत चालत्या झाल्या.